प्रोसेसर बहुतेक वेळ वाट का बघत असतो?

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे भागात, काही अजब इमारती उभ्या राहिल्या आहेत. उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या, शेजारी जनरेटरची आणि थंडाव्याच्या यंत्रांची रांग. ही डेटा सेंटर. जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने होते तिथे आता सर्व्हर बसवले जातात आणि बातम्यांत त्यांची क्षमता मेगावॉटमध्ये मोजली जाते. त्याच लोकलमधून त्याच भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत उतरणारी मुलं दुसऱ्या वर्षी ‘सीओए’ शिकतात, म्हणजे कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन अँड आर्किटेक्चर. पुढे मायक्रोप्रोसेसर हा त्याचाच धाकटा भाऊ येतो.

अनुक्रमणिका पाहिली तर हा विषय अडगळीच्या खोलीसारखा दिसतो. बायनरी, बूथची गुणाकाराची पद्धत, कॅशे, पाइपलाइन, व्हर्च्युअल मेमरी, आणि मध्येच १९७८ साली आलेला इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर. यांचा एकमेकांशी संबंध काय, हे शिकवताना अनेकदा राहूनच जातं. यातल्या बऱ्याचशा गोष्टी ओवणारा धागा मात्र एकच आहे: प्रोसेसर आकडेमोड भयंकर वेगाने करतो, पण आकडे त्याच्या हातात पोचायला फार वेळ लागतो. अभ्यासक्रमाचा मोठा भाग म्हणजे हे वाट बघणं झाकायच्या युक्त्या.

एका ठोक्यात किती होतं?

प्रोसेसर क्लॉकच्या ठोक्यावर चालतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. एका ठोक्याला सायकल म्हणतात. ती इतकी छोटी असते की तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. तांब्याच्या तारेतला सिग्नल त्याहून हळू. मदरबोर्डवर रॅमची पट्टी प्रोसेसरपासून चार बोटं लांब असते. तिथे जाऊन परत येण्यातच काही ठोके खर्ची पडतात, आणि रॅमने आत शोधाशोध करायला घेतलेला वेळ निराळाच.

आता प्रोग्राममधली साधी ओळ घ्या: अ = ब + क. प्रोसेसरला ही ओळ कळत नाही. त्याला छोटे हुकूम कळतात, त्यांना इन्स्ट्रक्शन म्हणायचं. या एका ओळीचे चार हुकूम होतात: मेमरीतून ब आण, मेमरीतून क आण, दोघांची बेरीज कर, उत्तर मेमरीत अ च्या जागी ठेव. बेरीज एक आणि फेऱ्या तीन. बेरजेला एक सायकल लागते. फेऱ्यांना किती लागतात, यावरच सगळं ठरतं.

मसाल्याच्या डब्यापासून हापूसपर्यंत

नॅनोसेकंदांचा अंदाज कोणालाच येत नाही, म्हणून एक सायकल म्हणजे एक सेकंद असं धरू आणि स्वयंपाकघरात जाऊ.

हाताशी मसाल्याचा डबा आहे. चमचा घातला की काम झालं, एक सेकंद. हे रजिस्टर, प्रोसेसरच्या अगदी आतल्या वाट्या. डब्यात सात वाट्या असतात, इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या ६४ बिट प्रोसेसरात सर्वसाधारण कामाची १६ रजिस्टर असतात. त्याहून फारसं काही मावत नाही. ओट्यावर ठेवलेलं सामान चार-पाच सेकंदांत हाती येतं. ही कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या जवळची छोटी वेगवान मेमरी; तिची पहिली पातळी, एल-वन. फडताळातलं काढायला १२ ते १५ सेकंद, ही एल-टू. माळ्यावरचा डबा स्टूल ठेवून उतरवायला ४० सेकंद किंवा थोडं जास्त, ही एल-थ्री. इथवर सगळं घरातच आहे, म्हणजे त्याच चिपवर.

घरात नसेल तर खाली उतरून वाण्याकडे जायचं. चार ते पाच मिनिटं. ही रॅम.

वाण्याकडेही नसेल तर परगावाहून मागवायचं: एसएसडी, साधारण साडेतीन दिवस. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर? तिला एक वाचन करायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीन कोटी सायकली. आपल्या हिशेबात जवळपास वर्ष. आत्ता आमरस करायला घेतला आणि आंबे संपलेत, तर वाशीच्या मार्केटात पुढच्या मोसमाचा हापूस येईपर्यंत थांबायचं. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो नवा झाल्यासारखा वाटतो, त्याचं कारण एवढंच. प्रोसेसर तोच असतो. त्याचा वर्षभराचा उपास साडेतीन दिवसांवर येतो.

मग सगळी मेमरी वेगवानच का करत नाहीत?

हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतोच आणि तो विचारायलाच हवा. कॅशे ज्या प्रकारच्या मेमरीने बनते त्या एसरॅमला एक बिट साठवायला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. रॅमच्या पट्टीत डीरॅम असते. तिला एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. जागा कितीतरी कमी लागते, म्हणून ती स्वस्त. पण तो कपॅसिटर गळका असतो. त्यातला भार ओसरायच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो, आणि साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत संपूर्ण मेमरीची अशी एक फेरी पूर्ण व्हावी लागते. याला रिफ्रेश म्हणतात.

समजा पैशांचा प्रश्न नाही, १६ जीबी एसरॅमच घेऊ. तरीही अडचण उरते. मेमरी जितकी मोठी तितकं तिचं दूरचं टोक लांब, तितकी तार लांब. मोठं आणि वेगवान एकाच वेळी मिळत नाही. माळा ओट्याएवढ्या अंतरावर आणता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

एक लवंग आणायला कोणी वाण्याकडे जात नाही

गेलोच आहोत तर पुडी घेऊन येतो. कॅशे हेच करते. तुम्ही मेमरीतला एक आकडा मागितला तरी ती त्याच्या आसपासचे मिळून ६४ बाइट उचलून आणते. या पुडीचं नाव कॅशे लाइन. चार बाइटचा एक पूर्णांक धरला तर एका पुडीत १६ आकडे. शेजारचा आकडा पुढच्याच क्षणी लागेल, या भरवशावर हा सगळा डोलारा उभा आहे, आणि हा भरवसा बहुतेक वेळा खरा ठरतो.

खरा ठरत नाही तेव्हा काय होतं, ते घरी करून बघता येतं. सी भाषेत १०,००० ओळी आणि १०,००० स्तंभांचा पूर्णांकांचा तक्ता घ्या. ४० कोटी बाइट होतात. एकदा ओळीओळीने बेरीज करा, एकदा स्तंभास्तंभाने. बेरजा दोन्हीकडे दहा कोटीच, उत्तरही तेच. सी मध्ये तक्ता ओळीनुसार साठवला जातो, त्यामुळे पहिल्या पद्धतीत एका पुडीतले सोळाही आकडे वापरले जातात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक उडी ४०,००० बाइटची. पुडी आणली, एक लवंग काढली, पुढच्या लवंगेसाठी दुसरी पुडी. पहिल्या पुडीतली दुसरी लवंग लागेपर्यंत ओट्यावरची जागा भरून ती पुडी बाहेर गेलेली असते. स्तंभांच्या बेरजेला अनेक पट वेळ लागताना दिसतो.

प्रयोग फसतो तो नेहमीच्या चार ठिकाणी. तक्ता फंक्शनच्या आत स्थानिक म्हणून घेतला की प्रोग्राम सुरू होताच कोसळतो, कारण तो स्टॅकवर, म्हणजे स्थानिक गोष्टींसाठी राखलेल्या जागेत जातो आणि लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी असते. तो ग्लोबल करा किंवा मॅलॉकने मागा. तक्त्यात आधी काही भरलंच नाही, तर लिनक्स सगळ्या न लिहिलेल्या पानांना (पान म्हणजे मेमरीचा सहसा ४ केबीचा तुकडा) शून्यांचं एकच सामायिक पान जोडून देतो आणि मोजमाप खोटं ठरतं. म्हणून आधी आकडे भरून घ्या. बेरजेचं उत्तर छापलं नाही, तर कंपायलर, म्हणजे आपल्या ओळींचे प्रोसेसरसाठी हुकूम बनवणारा प्रोग्राम, ‘हे कोणाला नकोच आहे’ असं समजून अख्खा लूप उडवतो आणि वेळ शून्य येतो. ऑप्टिमायझेशनची पातळी तीन ठेवली, तर तो दोन लूपांची अदलाबदल करून फरकच पुसू शकतो. पातळी एक ठेवावी.

किती वेळा सामान घरात सापडलं नाही, त्या प्रमाणाला मिस रेट म्हणतात. सरासरी वेळ काढायचं सूत्र सोपं आहे: सापडल्यावर लागणारा वेळ, अधिक मिस रेट गुणिले वाण्याकडची फेरी. घरात चार सायकली, फेरीला २५०, आणि शंभरात पाच वेळा फेरी पडत असेल तर सरासरी १६.५. पाचाचे दोन केले तर ९. प्रोसेसर न बदलता, एकही रुपया न घालवता मेमरीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो.

टॅग, इंडेक्स, ऑफसेट: पार्किंगचा हिशेब

परीक्षेत हमखास येणारा आणि हमखास चुकणारा भाग. पुडी कॅशेत ठेवायची कुठे? सोसायटीच्या पार्किंगचा विचार करा. प्रत्येक फ्लॅटला एकच ठरलेली जागा, ही डायरेक्ट मॅपिंग: शोधायला सोपं, पण दोन फ्लॅटना एकच जागा दिली असेल तर बाकी आवार रिकामं असूनही भांडण. कुठेही लावा, ही फुली असोसिएटिव्ह: भांडण नाही, पण गाडी शोधत सगळं आवार फिरायचं. मधला मार्ग म्हणजे विंगनुसार आठ-आठ जागा, विंगमध्ये कुठेही लावा. ही आठ-वे सेट असोसिएटिव्ह.

उदाहरण: ३२ केबी कॅशे, ६४ बाइटची लाइन, आठ-वे, पत्ता ३२ बिटांचा. ३२,७६८ भागिले ६४ म्हणजे ५१२ लाइन. त्यांना आठाने भागलं की ६४ सेट. लाइनमधला नेमका बाइट सांगायला ६ बिट, हा ऑफसेट. सेट सांगायला ६ बिट, हा इंडेक्स. उरलेले २० बिट टॅग, म्हणजे गाडीची नंबरप्लेट. आठाने भागायला विसरलं की इंडेक्स ९ बिटांचा येतो, टॅग १७ चा, आणि पुढचं सगळं उत्तर वाहून जातं. पत्ता बाइटचा आहे की वर्डचा, हे प्रश्नात न वाचणं ही दुसरी नेहमीची चूक.

पुस्तकात सहसा नसलेली एक गंमत. ऑफसेट आणि इंडेक्स मिळून १२ बिट झाले, आणि ४ केबीच्या पानाच्या आतली जागा सांगायलाही १२ बिटच लागतात. हा योगायोग नाही. व्हर्च्युअल मेमरीत प्रोग्रामकडचा पत्ता नुसता नावापुरता असतो, पानाचा खरा पत्ता शोधावा लागतो, पण पानाच्या आतले १२ बिट बदलत नाहीत. त्यामुळे खरा पत्ता मिळायच्या आधीच प्रोसेसर योग्य विंगपाशी जाऊन उभा राहतो. बऱ्याच प्रोसेसरांत एल-वन कॅशे वर्षानुवर्षं ३२ केबी आणि आठ-वे राहिली, त्यामागचं हे मोठं कारण.

याच हिशेबाने एक खोडही कळते. १०२४ पूर्णांकांची ओळ म्हणजे ४,०९६ बाइट. असा तक्ता स्तंभाने वाचला की प्रत्येक आकडा त्याच एका विंगमध्ये जागा मागतो. १०० ओळींना १०० लाइन लागतात, कॅशेत ५१२ ची जागा आहे, तरी नववी गाडी आली की पहिली बाहेर. ओळ १०२४ ऐवजी १०४० ची केली, शेवटचे सोळा आकडे रिकामे सोडले, की गाड्या सगळ्या विंगांत विखुरतात. दोनाच्या घाताचे आकडे दिसायला सुबक असतात, इथे मात्र घात करतात.

मिसळीचा काउंटर आणि तुर्भ्याचा सांधा

पाइपलाइन समजायला मिसळीचा काउंटर पुरेसा आहे. एक जण बशी मांडतो, दुसरा उसळ घालतो, तिसरा फरसाण, चौथा तर्री, पाचवा कांदा-लिंबू लावून पुढे सरकवतो. एका बशीला पाच टप्पे लागतात, पण रांग भरली की दर टप्प्याला एक बशी बाहेर पडते. प्रोसेसरचे पाठ्यपुस्तकातले पाच टप्पे असे: हुकूम आणणं, उलगडणं, करणं, मेमरीशी देवघेव, निकाल रजिस्टरमध्ये ठेवणं. एका हुकमाला लागणारा वेळ कमी होत नाही. दर ठोक्याला पुरे होणारे हुकूम वाढतात. तोंडी परीक्षेत हा फरक हटकून विचारतात.

रांग अडते मुख्यतः दोन कारणांनी. एक, पुढच्या हुकमाला मागच्याचं उत्तर हवं असतं. ते तयार होताच परस्पर पुढे सरकवता येतं, याला फॉरवर्डिंग म्हणतात. पण उत्तर मेमरीतून यायचं असेल तर किमान एक ठोका थांबावंच लागतं. दुसरं कारण ‘जर-तर’.

ठाण्याहून येणाऱ्या गाडीला तुर्भ्यानंतर दोन वाटा आहेत: सानपाड्यावरून वाशी, किंवा जुईनगर-नेरूळवरून पनवेल. सांधा कुठे वळवायचा हे गाडी यायच्या आत ठरलेलं असतं. प्रोसेसरला ती सोय नाही. ‘जर’चं उत्तर पुढच्या टप्प्यावर कळणार आणि मागून हुकमांची गाडी भरधाव येते आहे. म्हणून तो मागच्या अनुभवावरून अंदाज करून सांधा वळवतो. शंभर वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये अंदाज सहसा शेवटी एकदाच चुकतो. पण नाणेफेकीसारखा डेटा असेल तर निम्म्या वेळा चुकतो, आणि प्रत्येक चुकीला आजच्या प्रोसेसरात साधारण १५ ते २० सायकली वाया जातात. आत आलेली सगळी गाडी मागे घ्यावी लागते.

जानेवारी २०१८ मध्ये जगभर गाजलेली स्पेक्टर ही त्रुटी इथलीच. चुकीच्या अंदाजावर केलेलं काम प्रोसेसर रद्द करतो, पण त्यासाठी ओट्यावर आणून ठेवलेली पुडी तिथेच राहते. बेत रद्द झाला तरी ओट्यावरचा खडा मसाला पाहून काय शिजणार होतं ते शेजारणीला कळतं. हल्लेखोर कोणती पुडी चटकन मिळते ते घड्याळ लावून मोजतो आणि त्यावरून गुपित ओळखतो.

सुरुवातीच्या बायनरीबद्दल थोडंसं

हा भाग वाट बघण्याच्या धाग्यात बसत नाही, पण गुण इथे जातात. बूथच्या पद्धतीत उजवीकडे सरकवताना चिन्हाचा बिट तसाच ठेवायचा असतो. तिथे शून्य भरलं की ऋण उत्तराची वाट लागते. दशांश अपूर्णांकांत ०.१ बायनरीत कधीच पुरा बसत नाही, म्हणून ०.१ + ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. अपूर्णांक साठवायच्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ मध्ये एक मिळवला तरी आकडा तिथल्या तिथेच राहतो. पैशांचा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवायचा तो यासाठी. आणि ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतात.

‘१९७८ चा ८०८६ आज कशाला?’

तक्रार अगदी चुकीची नाही. सेगमेंटला १६ ने गुणून ऑफसेट मिळवायचा, १००० अधिक ०१०० चा पत्ता हेक्समध्ये १०१०० होतो, हे पाठ करून नोकरी मिळत नाही. २० बिटांच्या पत्त्यामुळे १ एमबीच मेमरी, ही मर्यादाही इतिहासजमा झाली. पण इंटेल-एएमडीचा पीसी प्रोसेसर रीसेट झाला की अजूनही आधी त्याच १६ बिटांच्या जुन्या अवतारात जागा होतो. शिवाय ८०८६ अख्खा डोक्यात मावतो. आजचा कुठलाच मावत नाही. तरी पाइपलाइन शिकायला रिस्क-फाइव्ह हा हुकमांचा संच बरा. त्याची रचना खुली आहे, आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतीय प्रोसेसर त्यावरच बांधलेत. रिपीस (Ripes) नावाच्या फुकट सिम्युलेटरमध्ये हुकूम एकेक टप्पा सरकताना दिसतात.

याला जोडूनच एक प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये मोहालीत बनलेला, इस्रोच्या रॉकेटांसाठीचा ३२ बिट प्रोसेसर ‘विक्रम ३२०१’ चर्चेत आला, तेव्हा ‘फोन ६४ बिटचा आणि रॉकेटला ३२?’ अशी थट्टा झाली. ३२ बिट पत्त्यात ४ जीबी मेमरी येते. रॉकेटला दिशा द्यायला तेवढी मुबलक झाली. तिथे सरासरी वेगापेक्षा ‘इतक्या वेळात उत्तर येणारच’ ही हमी महत्त्वाची, आणि कंपनं, तापमान, किरणोत्सार सोसून चालणं त्याहून महत्त्वाचं.

‘कंपायलर आणि एआय असताना हे आपण का शिकायचं?’

कंपायलर हुकमांची मांडणी उत्तम करतो. तुमचा डेटा मेमरीत विस्कटलेला असेल तर तो फारसं काही करू शकत नाही. एआयचं तर पोटच मेमरीवर चालतं. ७०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे शिकून ठरलेल्या तेवढ्या आकड्यांचं, भाषेचं मॉडेल घ्या. प्रत्येकाला दोन बाइट धरले तर १४ जीबी. एकेक शब्दतुकडा तयार करताना जवळजवळ हे सगळे १४ जीबी एकदा वाचावे लागतात. लॅपटॉपच्या डीडीआर-फोर ३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, म्हणजे सेकंदाला दोनसुद्धा तुकडे नाहीत. प्रोसेसर कितीही महागाचा असो, ही मर्यादा हलत नाही. पॅरामीटर चार बिटांत दाबून बसवले की १४ चे साडेतीन जीबी होतात आणि वेगाची मर्यादा चौपट वाढते.

ऐरोलीतल्या किंवा महाप्यातल्या बिनखिडक्यांच्या इमारतींत जाणाऱ्या एआय चिप महाग का, याचं मोठं उत्तर इथेच मिळतं. एनव्हीडियाच्या एच-१०० मध्ये मेमरी ही मुख्य चिपच्या अगदी कुशीत रचलेली असते आणि ती सेकंदाला ३.३५ टीबीपर्यंत देते. वाणी थेट फडताळात येऊन बसल्यासारखं. शिवाय एका वाचनात अनेक ग्राहकांचे तुकडे उरकले जातात, जसं एका फेरीत सगळ्या चाळीचं सामान आणावं.

घरच्या लॅपटॉपला यातलं एवढं जमतं: विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक असं दिसलं, तर तुमचा प्रोसेसर बहुधा एकाच दारातून सामान आणतो आहे. त्याच क्षमतेची, त्याच वेगाची दुसरी पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली की बहुतेक लॅपटॉपमध्ये दुसरं दार उघडतं आणि २५.६ चे ५१.२ होतात. विकत घ्यायच्या आधी पट्टीवरचा प्रकार वाचून घ्या. डीडीआर-फोरची पट्टी डीडीआर-फाइव्हच्या खाचेत बसत नाही, जोर लावला तर स्लॉट मात्र तुटतो.